पंच्याच्या गाठी

आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गाडी उत्तम चालवता यायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा समज वेगळा होणार आहे. अच्छाडच्या नाक्याकडे ट्रकांच्या रांगा लागलेल्या असत, कुणी डावीकडून घुसतोय, कुणी धाब्यावरून मागे न बघता गाडी काढतोय, आणि या सगळ्यातून बाबा आमची जुनी पांढरी व्हॅन अशी अलगद बाहेर काढायचे की ट्रकवालेसुद्धा मान डोलवायचे. हायवेवर त्यांचं लक्ष कधी ढळलं नाही. कारण हायवेला चिकूची झाडं नाहीत.

आमचं घर घोलवडच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला. घर म्हणजे चार खोल्या, आणि भोवती चिकूची वाडी. आमच्या भागात ज्याला त्याला वाडी, आणि ज्याला वाडी त्याला एक रोग. दुसऱ्याच्या वाडीवरून तो नुसता पुढं जाऊच शकत नाही. थांबून, निदान मान वळवून, वर बघणार. फळ किती लागलंय, फूल गळलंय का, फवारणी झाली की नुसत्याच गप्पा. आंब्याचं बरं असतं, तो लांबूनच मिरवतो. चिकू मातकट रंगाचा, पानांत दडून बसलेला. तो दिसायला डोळे बारीक करावे लागतात आणि मान तशीच धरून ठेवावी लागते. आमच्याकडे लग्नं वाडीतच मांडव घालून होतात, तर अक्षता टाकताना निम्म्या गावाचं लक्ष नवरानवरीकडे नसतंच, वर फांद्यांत असतं. माझ्या लग्नाच्या फोटोंत सगळी पुरुषमंडळी आभाळाकडे बघताना दिसतात. माहेरच्यांना वाटलं, पाऊस येतोय की काय.

हाच माणूस स्टेअरिंगवर बसला की काय होईल, ते सांगायला नको.

२०१४ साली मला तलासरीच्या पुढं, अच्छाडच्या बाजूच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. हे वापीला कंपनीत, पहाटेची गाडी पकडून जायचे. एसटीच्या वेळा आणि शाळेची वेळ यांचं कधी जमलं नाही, आणि खच्चून भरलेल्या जीपगाड्या बदलत जायचं म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला मी शाळेत पोचणार. तेव्हा बाबा म्हणाले, “मी सोडतो आणि मीच आणतो. गुडघ्यानं झाडावर चढणं बंद केलंय, पण स्टेअरिंग काही झाडावर नाही.”

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे असं बघितलं जसं लढाईवर निघालेल्या माणसाकडे बघतात.

घरापासून पहिला अर्धा रस्ता वाड्यांचा. तेवढ्यात धोका. पुढं साग आणि पळस सुरू झाले की बाबा पुन्हा उत्तम ड्रायव्हर व्हायचे. मोकळ्या, निवांत, गाईगुरांशिवाय कुणी नसलेल्या रस्त्यावर मी देवाचं नाव घ्यायचे आणि ट्रकांच्या गर्दीत पोचलो की निर्धास्त होऊन मुलांच्या वह्या तपासायला काढायचे. जगात असं उलटं कुणाचंच नसेल.

पहिल्या वर्षभरात आमची व्हॅन एका मैलाच्या दगडाला भेटली, गवताच्या एका गंजीत शिरली आणि एका गृहस्थांच्या कुंपणाला दोनदा धडकली. गृहस्थ फार चांगले. दुसऱ्या वेळी त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला, कारण बाबा त्यांच्याच झाडांकडे बघत होते आणि झाडांची तारीफही करत होते. तार वाकली त्याचं काही नाही, असं ते म्हणाले. दोघंही मग मान वर करून बराच वेळ उभे राहिले आणि मला पहिला तास बुडवावा लागला.

मी कुरकुर केली की बाबांचं उत्तर ठरलेलं असे. “मी काय फोनवर बोलत होतो?”

हा त्यांचा मोठा अभिमान. त्याच सुमारास सगळ्यांच्या हातात मोठ्या पडद्याचे फोन आले होते. मोटारसायकलवाले मान वाकडी करून, खांदा आणि कान यांत फोन दाबून जाऊ लागले होते. बाबा त्यांना बघून हळहळायचे. “मरतील ही पोरं,” म्हणायचे, आणि म्हणता म्हणता डावीकडच्या वाडीकडे बघायचे. स्वतःचा फोन ते घरी, देवघराच्या फळीवर ठेवून निघत. त्यामुळे कुणाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर फोन आई उचलायच्या आणि निम्मा गाव आईंशीच बोलून समाधान मानायचा.

शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह झाला तेव्हाची गोष्ट. एक साहेब बोलायला आले होते. मोबाईलमुळे अपघात कसे होतात ते त्यांनी मुलांना छान समजावून सांगितलं. बाबा मला न्यायला लवकर आले होते, ते पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले. साहेबांचं झाल्यावर कुणी न बोलावता ते उठले आणि म्हणाले, “मुलांनो, मी इतकी वर्षं गाडी चालवतो. गाडीत एकदाही फोन उचललेला नाही.” मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी स्वतःला मिळालेला गुच्छ काढून बाबांना दिला. मला काय वाटलं ते मी शिक्षकखोलीत जाऊन पाणी पिऊन गिळलं.

अच्छाडला एका धाब्याचा मालक बाबांचा जुना दोस्त. तो गुजराती, पण मराठीही चांगलं बोलायचा. मला सोडल्यावर शाळा सुटेपर्यंत बाबा बहुतेक त्याच्याकडेच बसून असत. त्या दिवशी गुच्छ घेऊन आम्ही तिथं चहाला थांबलो. सगळी हकीकत ऐकून तो दोस्त म्हणाला, “फोन तो ठीक, काका. पण आ चिकूनुं शुं करवुं?” या चिकूचं काय करायचं, म्हणे.

बाबा हसले. मी हसले नाही.

आणि त्याच संध्याकाळी, घर हाकेच्या अंतरावर राहिलेलं असताना, आम्ही भाताच्या शेतात गेलो. रस्त्याच्या उजवीकडे एका वाडीत हंगाम नसताना एक झाड लगडलं होतं. बाबांनी बघितलं. मान तशीच राहिली, हात मानेबरोबर गेले, आणि व्हॅन शांतपणे रस्ता सोडून, उतार उतरून, बांधाला टेकून एका कुशीवर कलली. काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही. मी दाराला चिकटले होते, गुच्छ माझ्या डोक्यावर पडला होता, आणि बाबा माझ्या अंगावर कलंडून खिडकीतून वर बघत म्हणत होते, “बघ! खालच्या फांदीलासुद्धा आहेत.”

माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून व्हॅन उचलून रस्त्यावर ठेवली. त्यांतल्या एकानं विचारलं, “काका, फोनवर होते काय?”

बाबांना इतका राग आलेला मी कधी बघितला नव्हता.

रात्रीच्या जेवणापर्यंत बातमी सगळीकडे. यांनी वडिलांपुढं आवाज कधी चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. “बाबा, तिला काही झालं असतं तर?”

“मी काय फोनवर होतो? मी बाहेर बघत होतो. गाडी चालवताना बाहेर नाही बघायचं तर काय आत बघायचं?”

“रस्त्याकडे बघायचं!”

“रस्त्याला काय बघायचंय? तो कालचाच आहे. चिकू रोज वेगळा असतो.”

आई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, माझ्याकडे कधी असं बघितलं नाही, जसं लोकांच्या चिकूकडे बघतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.” ही म्हण त्या बाबांच्या बाबतीत दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. मीठ टाकावं तशी.

पण यांनी किल्ली काढून घेतली ती घेतलीच. बाबांनी यापुढं व्हॅन चालवायची नाही. आणि व्हॅन बंद म्हणजे माझी शाळा बंद, नाहीतर मग तलासरीला खोली घेऊन राहायचं. एका दुकानाच्या मागची खोली मी बघूनही आले. खिडकी एक, नळ बाहेर. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. मुलीला मी सांगितलं, “आई शनिवारी येणार.” ती म्हणाली, “मग मंगळवारी माझी आई कोण?”

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. नोकरी मला सोडायची नव्हती. शिकून, वाट बघून, मुलाखती देऊन मिळालेली होती ती. आणि मंगळवारची आईसुद्धा मलाच व्हायचं होतं.

बाहेर आले तर बाबा दारात. म्हणाले, “तू शिक. मी शिकवतो.”

आई आतून म्हणाल्या, “ज्याला रस्ता दिसत नाही तो रस्ता दाखवणार!”

पण त्यांनी शिकवलं, आणि उत्तम शिकवलं. समुद्राला ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्याची वाळू फरशीसारखी घट्ट होते. तिथं ना कुंपण, ना दगड, ना चिकू. बाबा शेजारी बसून सांगायचे, “क्लच असा सोड, पिकलेला चिकू हातातून परडीत ठेवतेस तसा. टाकायचा नाही, ठेवायचा.” मी टाकायचे. व्हॅन बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. फिरायला आलेली माणसं लांब जाऊन उभी राहायची. एकदा गिअरशी माझी झटापट चालू असताना भरती कधी आली ते दोघांनाही कळलं नाही, आणि मासे सुकवायला आलेल्या बायकांनी ढकलून आम्हाला बाहेर काढलं. त्यांच्या तोंडची ती भाषा मी इथं लिहू शकत नाही, पण शिकवणीचाच भाग होता तो.

कच्चं लायसन झालं, पक्कं झालं. मला एकटीला सोडायला घरात कुणी तयार नव्हतं आणि बाबांना दिवसभर घरात ठेवायला आई तयार नव्हत्या. तेव्हा मी स्टेअरिंगवर आणि बाबा शेजारी, अशी आमची नवी वरात सुरू झाली.

आता बाबांच्या डोळ्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. आणि तोंडालाही. “अगं ते बघ!” “अरे वा, यानं छाटणी केली!” “बघ बघ, डावीकडे, दुसऱ्या रांगेत!” माणूस इतक्या जोरात ‘बघ’ म्हणाला की मान आपोआप वळते. चिकूचं मला काही पडलेलं नव्हतं, तरी वळायची. चौथ्या का पाचव्या दिवशी असंच “बघ” झालं, मी बघितलं, आणि पुन्हा समोर बघते तर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई अगदी बोनेटपुढं. मी ब्रेकवर उभी राहिले. बाई मोळीसकट बाजूला उडी मारून वाचली. मोळी सुटून रस्ताभर झाली.

ती माझ्या खिडकीशी आली. “तुझं डोळं कठं गेलं, बाय?”

माझ्या तोंडातून खरं तेच निघालं. “झाडावर.”

तिनं वाकून बाबांकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. “चिकू कय पलून जातंय?” एवढंच म्हणाली. आम्ही दोघांनी उतरून तिची लाकडं गोळा केली. बाबांनी मोळी बांधून तिच्या डोक्यावर चढवून दिली.

मी व्हॅन सुरूच केली नाही. म्हटलं, “बाबा, आता ऐका. इंजिन चालू आहे तोवर झाडाबद्दल, फळाबद्दल, फुलाबद्दल, कशाबद्दलच एक शब्द बोलायचा नाही. अंगणात गाडी लागली, इंजिन बंद झालं, की मग काय ते बोला. हे जमत नसेल तर मी उद्याच तलासरीची खोली घेते.”

मी सुनेनं सासऱ्याशी बोलावं तसं बोलले नाही, मला माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांपुढं ती बाई होती आणि मंगळवारची आई होती. घरी गेल्यावर बाबा अंगणातल्या सगळ्यात जुन्या चिकूच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, “नाही बोलणार.” आमच्याकडे झाडावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर झाड फळ धरत नाही म्हणतात, आणि धरण्या न धरण्याशी बाबा खेळणारे नव्हते.

पण बघितलेलं सगळं लक्षात कसं ठेवायचं? त्याची युक्ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढली. खांद्यावर पंचा असायचाच. वाटेत सांगण्यासारखं काही दिसलं की ते पंच्याच्या कडेला एक गाठ मारायचे. मोठी बातमी, मोठी गाठ. फूल गळलं असेल तर बारीक गाठ. मला शेजारून नुसती कापडाची सळसळ ऐकू यायची. कधीकधी गाठ मारताना त्यांच्या घशातून दाबलेला हुंकार यायचा, आणि मग मला कळायचं की काहीतरी जबरदस्त मागं गेलं. मी बघायचे नाही.

अंगणात व्हॅन लागली, मी किल्ली फिरवली, की ताबडतोब शेजारून प्रश्न यायचा, “आता बोलू?”

“बोला बाबा.”

मग एकेक गाठ सुटायची. “ही मोठी, त्या पिवळ्या घरवाल्याची. दोन झाडं अशी धरलीत, फांद्यांना टेकू दिलेत. ही बारीक, त्याच्या शेजाऱ्याची. बेडणी घेऊन कोवळी फळं उतरवतोय, घाई झालीय त्याला.” बेडणी म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, तिनं आमच्याकडे चिकू काढतात. “आणि ही मधली कुठली बरं? थांब, विसरलो. ही राहू दे.” आई चहा व्हॅनमध्येच आणून द्यायच्या, कारण दोघंही लवकर उतरणार नाहीत हे त्यांना ठाऊक झालं होतं. मुलगी मागच्या सीटवर चढून बसायची. तिला गाठी सोडायला फार आवडायच्या. बाबा मुद्दाम शेवटची गाठ घट्ट मारून ठेवायचे, तिच्यासाठी.

अशी वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली. हायवेला वर्दळ आणखी वाढली. मला रस्ता इतका पाठ झाला की खड्ड्यांचीही ओळख झाली. मी चांगली गाडी चालवते, असं अच्छाडचा धाबेवाला दोस्तही म्हणू लागला. बाबा त्यावर म्हणायचे, “चालवेल नाही तर काय? तिच्या शेजारी बोलणारं कुणी नसतं.” आणि आई अजून म्हणायच्याच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

२०१८ च्या हिवाळ्यातली संध्याकाळ. शाळा सुटली, बाबा धाब्यावरून चालत आले, बसले. मी निघाले. तलासरी मागे पडलं, साग संपले, वाड्या सुरू झाल्या. हंगाम भरात होता, झाडाखाली परड्या भरून ठेवलेल्या होत्या. शेजारून सळसळ नव्हती. मला वाटलं, डुलकी लागली असेल. मी समोर बघत होते. अंगणात गाडी लावली, किल्ली फिरवली.

“आता बोलू?”

“बोला बाबा.”

“छातीत दुखतंय. तलासरीपासून.”

मी वळून बघितलं. कपाळावर घाम होता. पंचा त्यांनी दोन्ही मुठींत आवळून धरला होता आणि त्याला एकही गाठ नव्हती.

“बाबा! तेव्हाच का नाही बोललात?”

“इंजिन चालू होतं,” ते म्हणाले.

खरं सांगते, हे लिहितानाही राग येतो. इतका शहाणा माणूस, आणि इतका वेडा. पण तेव्हा रडायला किंवा रागवायला वेळ नव्हता. आई चहा घेऊन येत होत्या. त्यांनी आमची तोंडं बघितली, कप पायरीवर ठेवले आणि मागचं दार उघडून आत बसल्या. मुलीला शेजारीण हाक मारून घेऊन गेली. मी व्हॅन उलटी फिरवली आणि डहाणूचा रस्ता धरला.

घोलवड ते डहाणू हा सगळा रस्ता वाड्यांचा. दोन्ही बाजूंनी नुसता चिकू. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि संध्याकाळची वेळ, म्हणजे गुरं परतायची, माणसं कामावरून सुटायची. मला सारखं डावीकडे बघावंसं वाटत होतं. बाबा कसे आहेत, डोळे मिटले का, मान कलली का. एकदा बघितलंच, आणि एका सायकलवाल्याच्या अगदी जवळून गेले. तेव्हा मला सुचलं.

“बाबा, बोला.”

“इंजिन चालू आहे.”

“आज बोलायचं. थांबायचं नाही. मी रस्ता बघते, तुम्ही झाडं बघा आणि मला सांगत राहा. तुमचा आवाज येतोय तोवर मी समोरच बघणार. आलं ध्यानात?”

बाबा बोलू लागले. आवाज बारीक होता, पण होता. “ही वाडी... यंदा बरी आहे. पाणी दिलंय वेळेवर. ही पुढची... म्हातारी झाली झाडं. हा माणूस आळशी, बाप चांगला होता.” मागून आई म्हणत होत्या, “हो, बाप चांगला होता. पुढं?” आयुष्यात पहिल्यांदा त्या त्यांना चिकूबद्दल विचारत होत्या. “ते बघ... नको, तू नको बघू. कैनाडला ताईकडे आहे ना, तसलं झाड आहे. अगदी तसलं.” कैनाडला त्यांची बहीण दिलेली. तिथल्या एका झाडाचं कौतुक आम्ही किती वर्षं ऐकलं होतं.

मी हॉर्न वाजवत, दिवे लावून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून चालले होते. नरपडच्या अलीकडे एक मोठं वळण आहे. त्या वळणावर आवाज थांबला.

“बाबा?”

काही नाही.

“बाबा, बोला ना.”

काही नाही. माझी मान निम्मी वळली होती, देवाशपथ. आणि ती मी मागं खेचली. कारण मला त्याच क्षणी ती मोळीवाली बाई आठवली. समोर बघते तर वळणातून गवतानं भरलेला ट्रॅक्टर येत होता, सगळा रस्ता व्यापून. मी चाकं डाव्या कडेला घातली, कुंपणाच्या काट्या व्हॅनला घासत गेल्या, ट्रॅक्टर निघून गेला. मी पुन्हा रस्त्यावर आले. तेव्हा शेजारून आवाज आला.

“पुढं बघ. मी आहे.”

दवाखान्याच्या पायरीशी स्ट्रेचर आलं. बाबांनी डॉक्टरांना हातानं थांबा म्हटलं. मग पंच्याच्या कडेला, बोटं नीट चालत नव्हती तरी, एक गाठ मारली आणि पंचा माझ्या हातात दिला. “हा सांभाळ. एक गोष्ट राहिलीय. नंतर सांगतो.”

तिथून त्यांना ॲम्ब्युलन्सनं वापीला हलवलं. हे तिथंच होते, त्यांनी पुढचं सगळं बघितलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. “बेडणीची काय?” असं बाबांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, आणि डॉक्टर घोलवडच्या बाजूचे नसल्यानं त्यांना काही कळलं नाही. ते दोन-तीन दिवस तो पंचा माझ्या पर्समध्ये होता. गाठीला मी हात लावला नाही. मुलीला सोडायची होती, तिला मी ओरडले. आई देवापुढं बसून होत्या. त्या दिवसांत म्हण त्यांच्या तोंडून एकदाही निघाली नाही.

मला आणि आईंना भेटायला आत सोडलं तेव्हा बाबा उशाला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे मात्र तेच. मी पंचा त्यांच्या हातात दिला.

“आता बोलू?” ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी सावकाश गाठ सोडली. कापड मांडीवर पसरून हातानं सपाट केलं. “त्या वळणावर मी मुद्दाम गप्प बसलो होतो,” म्हणाले. “म्हटलं बघू, ही वळून बघते का.”

आई त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडल्या की नर्स धावत आली. मीही काय काय बोलले. बाबा हसत होते, छातीला हात लावून, दुखू नये म्हणून बेतानं. त्या वळणावर ते खरंच गंमत करत होते की तेव्हा त्यांना बोलताच येत नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. आता नियमात एक दुरुस्ती झालेली आहे, छातीत दुखलं तर इंजिन चालू असताना बोलायचं. बाकी सगळं तसंच आहे. मी चालवते, ते शेजारी बसून गाठी मारतात, आई चहा व्हॅनमध्ये आणून देतात आणि म्हणतात, जित्याची खोड. पुढचं म्हणत नाहीत.

त्या दिवशी नर्सनं सगळ्यांना गप्प केल्यावर मी त्यांना विचारलं, “मग? बघितलं का मी?”

“नाही बघितलंस,” बाबा म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकला.